दाखल क्रमांक ७३१२

कादंबरी बावीस दिवस उशिरा परत आली.
महालातल्या आमच्या वाचनालयात
उशिराला दिवसाचा एक रुपया दंड,
पुस्तकात लिहिलं तर पन्नास.
मी खोडरबर काढून टेबलावर ठेवलं,
नेहमीसारखं.

पान नऊवर छापलंय :
'त्या कोवळ्या कळीला पहाटे कुणीतरी उचलून नेलं.'
बाजूला पेन्सिलीनं, गोल अक्षर, काना जरा वाकडा :
उचलून नाही नेत. घरी येते. च्या पिते.
मायले लुगडं देते.
मंग पोरगी आपल्याच पायानं जाते.

पान चौदावर रेल्वे, काळोख, शिट्टी.
समासात : उजेड होता. गोंदियाची पॅसेंजर.
मावशीनं मले मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन देल्ला.
मी खिडकीतून म्हशी मोजल्या. मजा आली.
'मजा' या शब्दाखाली दोन रेघा,
दुसरी इतकी दाबून
की पान पंधरावरही उमटलीय.

'सौदा झाला,' एवढंच लेखक लिहितो.
ती लिहिते : आठ हजार. दोन मायले.
बाकीचे कोठी गेले मले नाही माहीत.

पान एकतीस.
नायिकेचं नाव सुंदर आहे आणि शेवटपर्यंत तेच आहे.
: पहिले नावच बदलते.
इतवारीतल्या घरी पिंकी. धरमपेठेत बी पिंकीच.
आधीच्या पिंकीचा फ्रॉक मले आला.
ते कोठी गेली म्हणून इचारलं तं
बाईनं टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढे दोन पानं पाऊस आहे, खिडकीशी आसवं.
तिनं पाऊस सरळ आडवा कापलाय :
मे महिना होता. मी कूलरमधी पाणी भरो,
रोज अठरा बाल्ट्या.
हवा आतल्या खोलीत जाये.
मोटरचा आवाज मात्र माह्याकडे.

पान एकशे बारावर एकही खूण नाही.
ते दुमडलेलं होतं,
दुमडून पुन्हा दुमडलेलं,
वैद्याच्या पुडीएवढं.
चौतीस वर्षं मी दुमडलेले कोपरे सरळ करत आलेय
नखानं, सवयीनं.
हे तसंच राहू दिलं.

शेवटी इन्स्पेक्टर दार तोडतो.
: पोलीस मागून आले.
पहिले भाजीवाली.
तिनं मेथी निवडता निवडता तीनदा इचारलं,
खरं नाव काय वं तुयं?
तिसऱ्या खेपेले मले आठवलं.

मागच्या कोऱ्या पानावर पूर्ण नाव, बापाच्या नावासकट :
इमला सुखराम उईके.
आणि खाली, जरा बारीक :
लेखक चांगला माणूस वाटते.
पण तो तेथी नव्हता.

दुपारी ती आलीच.
अठरा-एकोणीसची असेल, आयटीआयचा निळा शर्ट,
अंगठ्यावर डाग दिल्याचा, म्हणजे सोल्डरचा, डाग.
बहात्तर रुपये मोजून ठेवले टेबलावर,
नाणी वेगळी, नोटा वेगळ्या.
मी बावीसची पावती फाडली.
'हे पन्नास?'
'लिहिल्याचे.'
'पेन्सिल आहे,' मी म्हटलं, 'खोडता येते.'
'खोडान का मंग?'

मला चटकन उत्तर द्यायला हवं होतं.
पंखा फिरत राहिला.
बाहेर कुणीतरी संत्र्यांचा भाव ओरडत गेलं.
मी खोडरबर ड्रॉवरमध्ये ढकललं
आणि विचारलं, दुसरं काय देऊ?

'मोटर वाइंडिंगचं आहे का? कूलरच्या.'

होतं. सत्त्याऐंशी सालचं, वरच्या फळीवर,
आजवर कुणीच न नेलेलं.
धूळ झटकून तारखेचा शिक्का मारला.
'जुनं आहे गं. यात चुका असतील.'
'असतीनच,' ती म्हणाली,
आणि शर्टाचा खिसा चाचपून पाहिला
पेन्सिल आहे की नाही ते.